‘मानसोल्लासा’तील अन्नभोग : राजाचे ताट, नावांचे सातत्य आणि पाकशाळेतील मौन

प्रस्तावना

राजदरबारातील भोजन हा विषय निघाला की चीनच्या सम्राटांची पाकशाळा, मोगलांचा मुदपाकखाना किंवा फ्रान्सच्या राजवाड्यातील मेजवान्या यांची उदाहरणे दिली जातात. दख्खनच्या राजपाकशाळेचे तपशीलवार वर्णन करणारा एक संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकात सिद्ध झाला होता, याचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा तो ग्रंथ होय. आजचा मराठवाडा बहुतांशी ज्या सत्तेच्या छायेत होता, त्या सत्तेचा हा ग्रंथ आहे. त्यामुळे पूर्णा व खेळणा या नद्यांच्या खोऱ्यात वसलेल्या जाफराबाद परिसरातील अभ्यासकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. शेजारचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ मध्ये तेथे झालेल्या उत्खननाने या खोऱ्यातील नागर जीवनाची प्राचीनता सिद्ध केली आहे. अशा प्रदेशाच्या खाद्यसंस्कृतीचा विचार करताना ‘मानसोल्लासा’तील ‘अन्नभोग’ हे प्रकरण टाळून पुढे जाता येत नाही.

या प्रकरणाचे वाचन सामान्यतः दोन पद्धतींनी होते. पहिली पद्धत प्रथमोल्लेख शोधण्याची आहे. इडली, डोसा, वडा, मांडे, श्रीखंड यांचा सर्वांत जुना पुरावा म्हणून या ग्रंथाकडे बोट दाखविले जाते. दुसरी पद्धत साक्षीदार उभा करण्याची आहे. प्राचीन समाज शाकाहारी होता की मांसाहारी, या वादात दोन्ही पक्ष आपल्याला हवे तेवढे श्लोक उचलतात. दोन्ही पद्धतींत ग्रंथाचा उपयोग होतो, परंतु त्याचे वाचन होत नाही. प्रकरण कोणाच्या दृष्टीने लिहिले आहे, ते काय दाखविते आणि काय झाकते, हे प्रश्न बाजूला राहतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या अनुरोधाने ‘अन्नभोगा’ची चिकित्सा केली आहे.

उद्दिष्टे

१. ‘मानसोल्लासा’च्या एकूण रचनेत ‘अन्नभोगा’चे स्थान निश्चित करणे.
२. पदार्थांच्या नावांवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांची मर्यादा दाखविणे.
३. अन्य दरबारी पाकग्रंथांशी व ‘लीळाचरित्रा’शी तुलना करून, स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे ग्रंथातील स्थान तपासणे.

ग्रंथाची रचना आणि अन्नभोगाचे स्थान

सोमेश्वर तिसरा हा विक्रमादित्य सहावा याचा पुत्र. ‘भूलोकमल्ल’ या बिरुदाने तो ओळखला जातो. इ. स. ११२६-२७ च्या सुमारास तो गादीवर आला व ११३८ पर्यंत त्याने राज्य केले. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. ‘मानसोल्लासा’ची रचना इ. स. ११२९ च्या सुमारास झाली, असे मानले जाते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन कृष्ण श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेले या ग्रंथाचे तीन खंड अनुक्रमे १९२५, १९३९ आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. आज अभ्यासकांना हा ग्रंथ उपलब्ध आहे, तो मुख्यतः या संपादनामुळे.

ग्रंथाची पाच प्रकरणे असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत, म्हणून प्रकरणास ‘विंशती’ असे म्हटले आहे. राज्य मिळविण्याचे उपाय पहिल्या विंशतीत, मिळालेले राज्य स्थिर करण्याचे उपाय दुसऱ्या विंशतीत, स्थिर झालेल्या राज्याचे उपभोग तिसऱ्या विंशतीत आणि विनोद व क्रीडा पुढील दोन विंशतींत आले आहेत. ‘अन्नभोग’ तिसऱ्या विंशतीत आहे. गृह, स्नान, तांबूल, विलेपन, वस्त्र, माल्य, भूषा, आसन, छत्र, शय्या इत्यादी वीस उपभोगांपैकी तो एक उपभोग होय. त्याला लागूनच ‘पानीयभोग’ येतो.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. अन्नाचा विचार येथे पोषण, आरोग्य किंवा धर्म या सदरात मुख्यत्वे केलेला नाही. राज्य मिळवून स्थिर केल्यानंतर राजाला प्राप्त होणाऱ्या फळांच्या यादीत अन्नाला जागा दिली आहे. म्हणजे पाकशाळा ही राज्यव्यवस्थेची शेवटची पायरी ठरते. शेत, कोठार, कर, बाजार या आधीच्या पायऱ्या वाचकाने गृहीत धरावयाच्या असतात. ‘अन्नभोग’ हे शीर्षकच सांगते की येथे अन्न शिजविणाऱ्याचे नव्हे, तर भोगणाऱ्याचे वर्णन आहे. पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

कृतीचे वर्णन आणि चुलीजवळचे ज्ञान

असे असूनही प्रकरण वाचताना जाणवते ते कृतीचे नेमके ज्ञान. आरंभी तांदळाच्या आठ जाती येतात : रक्तशाली, महाशाली, गंधशाली, कलिंगक, मुंडशाली, स्थूलशाली, सूक्ष्मशाली आणि षष्टिक. त्यानंतर कडधान्यांचे पाक, हिंग, हळद, आले यांचा उपयोग, गव्हाच्या पिठाचे पदार्थ, तळलेले पदार्थ, मांसाचे प्रकार, दूध व दही यांपासून होणारे पदार्थ असा विस्तार आहे.

मंडकाचे उदाहरण घेता येईल. गहू धुवावेत, उन्हात वाळवावेत, जात्यावर दळावेत, पीठ चाळून घ्यावे, ते तूप-मिठासह मळून त्याचे गोळे करावेत, हातावर पसरवून तापलेल्या खापरावर टाकावेत, असा हा क्रम आहे. महाराष्ट्रात आजही मांडे करणारी सुगरण साधारण याच क्रमाने जाते. पालथ्या खापरावर मांडा टाकणे हे वाचून येणारे काम नाही. पीठ किती सैल असावे, हात कोणत्या गतीने फिरावा, खापर किती तापावे, हे हाताला कळावे लागते. ‘मनात मांडे खाणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला, यावरूनही या पदार्थाची दुर्मिळता आणि त्याविषयीचे आकर्षण लक्षात येते.

मंडकाचे हे वर्णन चुलीजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या माहितीवाचून लिहिणे शक्य नाही. राजाने स्वतः गहू धुऊन वाळविले असतील, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा ‘अन्नभोगा’त दोन आवाज आहेत, असे मानावे लागते. अनुष्टुभ् छंदात बांधलेला, भोगाची व्यवस्था लावणारा आवाज राजाचा किंवा त्याच्या पंडितांचा आहे. त्याखाली ज्याच्या जोरावर श्लोक उभा आहे, तो आवाज सूपकाराचा, म्हणजे आचाऱ्याचा आहे. ग्रंथाचे कर्तृत्व पहिल्याकडे जाते, तर ज्ञान दुसऱ्याकडून येते. प्रकरणाचे सामर्थ्य आणि त्यातील प्रमुख उणीव या दोन्ही गोष्टी या एकाच ठिकाणी आहेत.

भाषेच्या दृष्टीनेही हा दुसरा आवाज ओळखू येतो. मंडक, पोलिका, वटक, घारिका, पूरिका, धोसक, इडरिका, मज्जिका अशा शब्दांत संस्कृत प्रत्यय लावलेली देशी नावे डोकावतात. पंडिताने शब्दाला संस्कृतचा पोशाख चढविला, परंतु त्याची बोली लपली नाही. याच ग्रंथातील संगीतविषयक भागात मराठी पदरचनाही आढळते व मराठीच्या प्राचीन रूपाचा पुरावा म्हणून भाषाभ्यासक तिचा उल्लेख करतात. गाण्याच्या बाबतीत देशी भाषेला थेट प्रवेश मिळाला. स्वयंपाकघरात मात्र ती संस्कृतच्या आडून आली.

नावे टिकतात, वस्तू बदलतात

प्रथमोल्लेख शोधणाऱ्या वाचनाची मर्यादा याच नावांतून स्पष्ट होते. ‘इडरिका’ हा शब्द आढळताच बाराव्या शतकात इडली होती, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु ग्रंथातील इडरिका उडदाची आहे. तीत मिरे, जिरे, हिंग यांचा उल्लेख आहे, पण आजच्या इडलीची ओळख ज्या गोष्टींवर ठरते त्या तांदळाचा कणीदार भाग, दीर्घकाळ आंबविणे आणि वाफेवर शिजविणे या आहेत. खाद्येतिहासाचे अभ्यासक के. टी. अचया यांनी या तिन्ही गोष्टी तेथे नसल्याचे दाखवून दिले आहे. ‘धोसक’ही डाळींचाच आहे, त्यात तांदूळ नाही. ‘घारिका’ हे उडदाच्या वाटणाचे तळलेले रूप असून आजच्या लाल भोपळ्याच्या गोड घाऱ्यांशी तिचे नाते मुख्यतः नावाचे आहे.

याच्या उलट, ज्या पदार्थांविषयी फारसा गाजावाजा होत नाही, त्यांत वस्तूचे सातत्य अधिक दिसते. मंडकाचा उल्लेख वर आलाच आहे. ‘अंगारपोलिका’ हा दुसरा पदार्थ. कणकेचा गोळा निखाऱ्यावर भाजून होणारा हा प्रकार मराठवाडा, विदर्भ व खानदेशातील रोडगे आणि बट्टी यांच्या जवळचा आहे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे आज शेतातील पंगतीचे अन्न मानले जातात. राजाच्या उपभोगांच्या यादीत त्यांच्याशी साम्य असणारा पदार्थ सापडतो, हे विशेष आहे.

यावरून पद्धतीविषयी एक निष्कर्ष निघतो. शब्दाचा इतिहास आणि पदार्थाचा इतिहास हे दोन वेगळे इतिहास आहेत. कधी शब्द टिकतो आणि पदार्थ बदलतो, तर कधी पदार्थ टिकतो आणि त्याचे नाव बदलते. खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासात नाव, घटक, क्रिया आणि भांडे या चारही अंगांची स्वतंत्र तपासणी केल्याशिवाय ‘सर्वांत प्राचीन’ असा शिक्का मारणे धाडसाचे ठरते.

मांसपाकांचे वाचन

‘अन्नभोगा’चा मोठा भाग मांसपाकांनी व्यापला आहे. रानडुक्कर, हरिण, ससा, बोकड, पक्षी, मासे, खेकडे, कासव यांच्या पाककृती येथे आहेत. शूलावर भाजलेल्या मांसाला ‘भडित्रक’ म्हटले आहे. कडधान्यासह शिजविलेल्या मांसाचा ‘कवचंदी’ नावाचा प्रकार आहे. शेतात व नदीकाठी सापडणाऱ्या उंदरांचाही पाक सांगितला आहे. पाठोपाठ दही, दूध व मिष्टान्ने येतात. या दोन भागांत ग्रंथकार कोठेही उच्चनीचतेची भिंत उभारीत नाही. दोन्ही राजाच्या ताटात शेजारी बसतात.

मांसाहाराच्या बाजूने वा विरुद्ध बोलणाऱ्यांना या भागाचा उपयोग साक्ष म्हणून करता येतो, पण ती साक्ष अपुरी आहे. एका राजाच्या ताटावरून संपूर्ण समाजाचा आहार सिद्ध होत नाही. परंतु एक गोष्ट त्यावरून निश्चित सिद्ध होते : अन्नाची प्रतिष्ठा शाश्वत नसते. ज्या शेतातील उंदराचा पाक बाराव्या शतकात राजाच्या उपभोगाच्या अध्यायात स्थान मिळवितो, तो खाणाऱ्या समाजघटकांना पुढील काळात त्याच कारणासाठी हिणविले गेले. पदार्थ तोच राहिला, पण खाणाऱ्याचे सामाजिक स्थान बदलले की त्या पदार्थाचा अर्थ बदलतो. ‘अन्नभोग’ वर्गात शिकविताना हा मुद्दा वगळणे सोयीचे असले, तरी ते अभ्यासाच्या दृष्टीने प्रामाणिकपणाचे होणार नाही.

येथेच दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्रकरणाचा भर तांदूळ, कडधान्ये, गहू आणि मांस यांवर आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी हे ज्या काळ्या मातीच्या प्रदेशाचे रोजचे अन्न, तेथील वाचकाला आपल्या ताटाचे प्रतिबिंब येथे शोधूनच काढावे लागते. प्रदेश आपला असला तरी ताट राजाचे आहे, हे यावरून कळते.

ताट आणि सत्ता

भोजनाच्या विधीचे वर्णनही सत्तेच्या भाषेत आहे. राजा पूर्वाभिमुख बसतो, नाभीपासून गुडघ्यांपर्यंत शुभ्र वस्त्र पसरलेले असते, समोर सुवर्णाचे ताट व वाट्या असतात. पुत्र, पौत्र, आप्त आणि योग्य व्यक्ती पंगतीला असतात. पदार्थांचा क्रम ठरलेला आहे : आरंभी भात, मुगाचे वरण व तूप, मध्ये मिष्टान्न आणि अखेरीस दही-ताक. ऋतूंप्रमाणे रसही ठरलेले आहेत : वसंतात तिखट, ग्रीष्मात गोड व थंड, वर्षाऋतूत खारट, शरदात गोड, हेमंतात स्निग्ध व उष्ण, शिशिरात उष्ण व आंबट. ‘पानीयभोगा’त तर कोणत्या ऋतूत कोणत्या उगमाचे पाणी घ्यावे व ते कसे सुगंधित करावे, याचाही विचार आहे.

याची तुलना कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’शी करणे उद्बोधक ठरते. तेथे पाकशाळा सुरक्षित, गुप्त स्थळी असते. आचाऱ्याने प्रत्येक पदार्थ स्वतः चाखावयाचा असतो. अग्नीला व पक्ष्यांना अन्न देऊन विषाची परीक्षा झाल्यावरच राजा जेवतो. कौटिल्याला आचारी दिसतो, पण संशयाच्या नजरेने दिसतो. सोमेश्वराच्या भोगाध्यायात ते भय मागे पडले आहे आणि त्याबरोबर आचारीही नजरेआड झाला आहे. संशय संपला, ही प्रगती म्हणावी काय? राजाच्या दृष्टीने कदाचित होय. परंतु स्वयंपाक करणाऱ्याच्या वाट्याला एका ग्रंथात संशय आला आणि दुसऱ्यात विस्मरण आले.

अन्य दरबारांशी तुलना

चीनच्या दरबारी परंपरेत पाकशाळेला प्रशासनाचे स्वरूप होते. ‘चौ ली’ या प्राचीन ग्रंथात राजप्रासादातील सुमारे ४,००० सेवकांची व्यवस्था वर्णिलेली असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक अन्न व मद्य यांच्याशी संबंधित आहेत. हा ग्रंथ आदर्श राज्यव्यवस्थेचे चित्र रेखाटतो, त्यामुळे त्यातील संख्या प्रत्यक्ष नोंद म्हणून घेता येत नाहीत. तरीही अन्न हा राज्यकारभाराचा भाग आहे, ही कल्पना त्यातून स्पष्ट होते. पुढे मंगोल युआन राजवटीत हू सीहुई या दरबारी आहारतज्ज्ञाने १३३० मध्ये ‘यिनशान चंग्याव’ हा ग्रंथ सम्राटाला सादर केला. मंगोल, चिनी, तुर्की व इराणी खाद्यपरंपरांचा मेळ घालणाऱ्या या ग्रंथात आहाराचा विचार आरोग्याच्या अंगाने केला आहे. येथे ग्रंथकर्ता राजा नसून सेवक आहे आणि तो स्वतःच्या नावाने लिहितो.

छिंग राजवटीत हे आणखी पुढे गेले. छ्येनलुंग बादशहाच्या काळातील (१७३५–१७९६) भोजनाच्या नोंदींत कोणते पदार्थ वाढले गेले याबरोबरच ते कोणी केले, हेही काही ठिकाणी लिहिलेले आढळते. सूचौ येथील चांग तुंगक्वान या आचाऱ्याचे नाव अशा नोंदींमुळे आज ठाऊक आहे. हे नाव गौरवासाठी लिहिले गेले असे समजण्याचे कारण नाही. दोष निघाल्यास जबाबदारी कोणाची, हे ठरविण्यासाठीही अशी नोंद उपयोगी पडते. तथापि नोंदीचा हेतू काहीही असो, आचारी इतिहासात राहिला.

भारतात ‘मानसोल्लासा’नंतर सुमारे पावणेचारशे वर्षांनी माळव्याच्या मांडू येथे ‘निअमतनामा’ सिद्ध झाला. सुलतान ग्यासशाह (राज्यकाल १४६९–१५००) व त्याचा पुत्र नासिरशाह यांच्या आश्रयाने तयार झालेल्या या सचित्र हस्तलिखितात सुलतानाची आवड हीच अंतिम कसोटी आहे. मात्र चित्रांत सुलतानाच्या अवतीभोवती पातेली ढवळणाऱ्या, पदार्थ आणून देणाऱ्या सेविका दिसतात. त्यांची नावे नाहीत, पण त्यांचे हात दिसतात. ‘मानसोल्लासा’त हेही नाही. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठा दरबाराशी संबंध असलेल्या रघुनाथ पंडितांचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ पदार्थांचे गुणदोष आयुर्वेदाच्या आधारे सांगतो व पूर्वसूरींचे दाखले देतो. तेथे पंडिताचे नाव स्पष्ट आहे, पण पाकशाळा पुन्हा पडद्याआड आहे.

‘लीळाचरित्रा’चे प्रत्यंतर

या मौनाची खरी कसोटी दूरच्या दरबारात लागत नाही. ती याच प्रदेशातील मराठी ग्रंथाच्या शेजारी ‘अन्नभोग’ ठेवला असता लागते. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झाले. म्हणजे दोन्हींत सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे. चक्रधरस्वामींचा संचार याच गोदावरीच्या खोऱ्यात झाला. भोकरदन तालुक्यातील जयदेववाडी येथील ‘जाळीचा देव’ हे स्थान आजही महानुभाव पंथीयांचे श्रद्धास्थान आहे.

‘लीळाचरित्रा’त स्वामींच्या भोजनाला ‘आरोगणा’ असा आदराचा शब्द आहे. परंतु हे भोजन राजाचे नाही. अन्न भिक्षेचे आहे, किंवा कोणा भक्ताने श्रद्धेने आणलेले आहे. ते कोणत्या गावी मिळाले, कोणी दिले, कोणी रांधले, कोणी वाढले, याची आठवण म्हाइंभट जपतो. स्वामींच्या भोजनाची काळजी वाहणाऱ्या बाइसा या ग्रंथात नावानिशी वावरतात. त्या बोलतात, रागावतात, आग्रह करतात. मांड्यांची कृती ‘मानसोल्लास’ अधिक चांगली सांगेल, यात शंका नाही. परंतु चुलीपुढे कोण बसले होते, या प्रश्नाचे उत्तर ‘लीळाचरित्र’ देते.

येथे एक आक्षेप संभवतो व तो विचारात घेतला पाहिजे. ‘मानसोल्लास’ हा शास्त्रग्रंथ आहे, तर ‘लीळाचरित्र’ हा स्मरणग्रंथ आहे. शास्त्राने सामान्य नियम सांगावयाचे असतात, व्यक्तींची नावे देणे त्याच्या स्वरूपात बसत नाही. चित्रकला, संगीत, गजविद्या या विषयांच्या अध्यायांतही प्रयोग करणाऱ्या कारागिरांना व्यक्ती म्हणून स्थान नाही. तेव्हा आचाऱ्याविषयीचे मौन हा केवळ आचाऱ्यावरचा अन्याय नव्हे, तो साहित्यप्रकाराचा धर्म आहे. हा आक्षेप बऱ्याच अंशी ग्राह्य आहे, आणि म्हणूनच ग्रंथकाराला दोष देऊन प्रश्न संपत नाही. साहित्यप्रकाराची मर्यादा बाराव्या शतकातील ग्रंथकाराला मान्य करावी लागली. एकविसाव्या शतकातील वाचकावर तसे बंधन नाही. ‘सोमेश्वराने मांड्यांची कृती सांगितली’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात व व्याख्यानात सहज येते. ‘सोमेश्वराच्या आचाऱ्यांचे ज्ञान या ग्रंथात नोंदले गेले’ असे म्हटले, तर तथ्य तेच राहते, परंतु श्रेय योग्य जागी पोहोचते.

मराठी पाकवाङ्मयाचा पुढील प्रवास या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) या ग्रंथांत जिच्या हाताला ज्ञान आहे तीच ग्रंथाची कर्ती झाली. राजाच्या भोगाच्या यादीतून पाककृती बाहेर पडली आणि घरातील स्त्रीच्या नावाने छापली गेली. या घटनेला वाङ्मयाच्या इतिहासात अद्याप पुरेसे स्थान मिळालेले नाही. पाकपुस्तके उपयुक्त वाङ्मय म्हणून बाजूला ठेवली जातात. वस्तुतः त्यांनी कर्तृत्वाचा जो प्रश्न सोडविला, तो ‘अन्नभोगा’ने अनुत्तरित ठेवला होता.

निष्कर्ष

१. ‘अन्नभोग’ हे स्वतंत्र पाकशास्त्र नसून राज्योपभोगाच्या व्यवस्थेतील एक अध्याय आहे. त्यातील माहिती राजाच्या ताटाची आहे, समाजाच्या आहाराची नव्हे.

२. पदार्थाच्या नावावरून त्याची प्राचीनता ठरविणे सदोष आहे. इडरिका, धोसक, घारिका यांत नावाचे सातत्य अधिक, तर मंडक व अंगारपोलिका यांत क्रियेचे सातत्य अधिक आढळते.

३. मांसपाकांचा भाग कोणत्याही एका आहारपक्षाची बाजू सिद्ध करीत नाही. अन्नाची प्रतिष्ठा खाणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असते आणि ती काळानुसार बदलते, हे मात्र त्यावरून दिसते.

४. कृतींतील नेमकेपणा हा अनाम सूपकारांच्या ज्ञानाचा पुरावा आहे. ग्रंथाचे कर्तृत्व राजाकडे असले, तरी त्यातील ज्ञानाचे श्रेय पाकशाळेकडे जाते.

५. दरबारी परंपरेने आचाऱ्याकडे कधी संशयाने, कधी जबाबदारी निश्चित करण्यासाठी पाहिले, तर कधी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. ‘लीळाचरित्रा’ने मात्र त्याच प्रदेशात रांधणाऱ्या व वाढणाऱ्या व्यक्तीला नाव दिले.

पूर्णा-खेळणेच्या खोऱ्यात आजही निखाऱ्यात रोडगे भाजणारे आणि खापरावर मांडे टाकणारे हात आहेत. महाविद्यालयीन स्तरावर स्थानिक खाद्यपरंपरांच्या नोंदीचे प्रकल्प घेताना पदार्थाची कृती, साहित्य व भांडे यांच्याबरोबर ती कृती कोणाकडून शिकली, त्या व्यक्तीची नोंद तिच्या संमतीने करण्याची शिस्त विद्यार्थ्यांना लावता येईल. तसे झाल्यास ‘मानसोल्लासा’तील उणीव निदान पुढील नोंदींत राहणार नाही.